कुंपणाची धाव सरड्यापर्यंत

सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी वाइसाकेने आजोबांना तराजूत बसवले. आजोबांचे वजन एकशे ब्याण्णव ग्रॅम भरले. गेल्या सोमवारपेक्षा तीन ग्रॅम कमी. वाइसाकेने तो आकडा नोंदवहीत लिहिला, रंगाच्या रकान्यात ‘करडा’ असे लिहिले आणि शेऱ्याच्या रकान्यात अकरा वर्षे लिहीत आला होता तेच लिहिले: ‘समाधानकारक’. तिथे दुसरा कोणताही शब्द लिहिला, तर जोडपत्र ‘ड’ तीन प्रतींत भरावे लागत असे.

आजोबा म्हणजे वोकाई. झाडावर राहणारा, शेपटीसकट हातभर लांबीचा, हिरव्या अंगावर फिकट निळे पट्टे असलेला सरडा. निदान हिरवा असायला हवा असा. सुवा शहरातल्या ‘लुप्तप्राय प्रजाती परस्थान संवर्धन केंद्रा’च्या कागदोपत्री त्यांचे नाव ‘व-०७’ असे होते. पण वोकाई हे वातुलोआ बेटावरच्या कुळाचे देवक. त्यातला हा सर्वांत थोरला नर, म्हणून वाइसाके त्यांना आजोबाच म्हणत असे आणि त्यांच्याकडे पाठ करून कधी बसत नसे.

अकरा वर्षांपूर्वी वातुलोआवर वादळ आले. वादळाने निम्मे जंगल पाडले आणि उरलेले निम्मे बकऱ्यांनी खाल्ले. मग केंद्राची माणसे बोट घेऊन आली, राहिलेले एकोणीस वोकाई टोपल्यांत भरले आणि सांगितले, “सहा महिन्यांसाठी नेतो.” गावाने हरकत घेतली नाही. फक्त एक अट घातली. थोरला माणूस परगावी एकटा जात नाही, त्याच्याबरोबर घरचे कुणीतरी असावे लागते. वाइसाकेचे लग्न झालेले नव्हते आणि त्याची होडी वादळात फुटली होती. म्हणजे तो मोकळाच होता. दोन लुंग्या आणि एक उशी घेऊन तो टोपल्यांच्या मागोमाग बोटीत चढला. केंद्राने त्याला ‘पिंजरा-सहायक (हंगामी)’ म्हणून नेमले.

या सोबतीचा आणखी एक नियम होता. ज्याला नेले त्याला परत आणायचे. देवक परक्या मातीत मेले, तर सोबत्याने पुन्हा घरी तोंड दाखवायचे नाही. वोकाई फार तर पंचवीस वर्षे जगतो आणि आजोबांना तेविसावे लागले होते. वाइसाके चौथीपर्यंत शिकलेला होता. एवढी वजाबाकी त्याला येत होती, आणि दर सोमवारी तराजू पुसताना तो ती करत असे.

त्याच सोमवारी दुपारी बेटावरून इलाइतियाचा फोन आला. इलाइतिया म्हणजे वाइसाकेचा मामेभाऊ. आते-मामेभावांनी एकमेकांना मेहुणा म्हणायचे आणि भेटताच टोमणे मारायचे, ही त्यांच्याकडची रीतच.

“काय रे मेहुण्या, जिवंत आहेस की तुलाही भुसा भरून काचेत ठेवलंय?”

“काचेबाहेर आहे अजून. तुमच्या बकऱ्या कशा आहेत?”

“चविष्ट होत्या.”

“होत्या?”

“शेवटची परवा संपली. चर्चचं नवं छप्पर बसलं, त्याचं जेवण होतं.” इलाइतियाने ढेकर दिल्याचा आवाज केला. “अकरा वर्षांत दोनशे चौदा बकऱ्या खाल्ल्या बघ आम्ही. लग्नं, मयतं, आणि एकदा आपण रग्बीत जिंकलो तेव्हाची एक. निसर्गासाठी माणसानं झिजावं लागतं. तुझ्यासारखं वजनकाट्याजवळ बसून होत नसतं ते.”

“जंगल?”

“उठलंय. तुझ्या घराच्या दारात वाऊचं झाड एवढं माजलंय की दार उघडत नाही. येशील तेव्हा खिडकीतून ये. आणि लवकर ये. नवा प्रमुख तीन वर्षं नुसता उमेदवार आहे. देवक जमिनीवर असल्याशिवाय त्याला गादीवर बसवता येत नाही, आणि तो बिचारा चटईच्या कडेला बसून वाळत चाललाय.”

वाऊच्या पानांवर तर वोकाई जगतो. वाइसाकेने फोन ठेवला, लुंगी नीट नेसली आणि तो संचालिका सालोते मॅडमच्या खोलीत गेला.

सालोते मॅडम मनाने चांगल्या होत्या. त्या दुसऱ्या बेटावरच्या, त्यांच्या कुळाचे देवक शार्क. शार्कचे बरे असते, त्याला कुणी टोपलीत भरून नेत नाही. त्यांनी वाइसाकेचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकले आणि कपाटातून एक गठ्ठा काढला.

“अर्ज तेरा. निसर्गात परत सोडण्याबाबत. यात एकच महत्त्वाचा पुरावा लागतो. तिथला अधिवास योग्य आहे याचा.”

“योग्य आहे, मॅडम. वाऊ दारात आलाय.”

“तसं नाही. तिथे वोकाई सुखाने राहत असल्याचं दिसलं पाहिजे.”

“वोकाई तर सगळे इथे आहेत.”

“म्हणून तर पुरावा मिळत नाही.”

वाइसाकेने थोडा विचार केला. “आणि समजा, तिथे एखादा दिसला तर?”

“तर मग ही प्रजाती निसर्गातून लुप्त झालेलीच नाही असं ठरेल. लुप्त नाही म्हटल्यावर केंद्र कशाला? केंद्र बंद. आणि केंद्र बंद झालं की अर्ज तेरावर सही कोण करणार?” मॅडमनी गठ्ठा पुन्हा कपाटात ठेवला. “नियम मी केलेले नाहीत, वाइसाके. मी फक्त त्यांच्यात काम करते.”

वाइसाकेने हे संभाषण जसेच्या तसे फोनवर सांगितले.

“मेहुण्या,” इलाइतिया म्हणाला, “तू आता त्यांच्यासारखा बोलायला लागलास. कागदानं काही होत नसतं. आम्ही तांबुआ घेऊन येतो.”

तांबुआ म्हणजे देवमाशाचा दात. घासून घासून मधाच्या रंगाचा झालेला, दोन्ही टोकांना काथ्याची वेणी बांधलेला. मुलगी मागायची, माफी मागायची, युद्ध थांबवायचे तर तो दोन्ही हातांनी पुढे धरायचा. ज्याने तो घेतला त्याने मागणे मान्य केले. पुढे हो-नाही करता येत नाही. मान्य नसेल तर हातच लावायचा नाही. पण म्हाताऱ्या माणसाचे हात तसेच अधांतरी ठेवायला जे काळीज लागते, ते त्या मुलखात सहसा कुणापाशी नसते.

चौदा तास बोटीत घालवून आठ माणसे सुवाला आली. पुढे सेरुपेपेली मामा, म्हणजे इलाइतियाचे वडील. प्रमुखाच्या वतीने बोलण्याचा मान त्यांच्या घराण्याचा. केंद्राच्या सभागृहात प्रोजेक्टरखाली चटया अंथरल्या गेल्या, यांगोना, म्हणजे मुळ्या कुटून केलेले मानाचे पेय, कालवला गेला, वाटी फिरली, टाळ्या झाल्या. मग मामांनी तांबुआ पुढे धरला आणि ते डोळे खाली घालून बोलू लागले.

“मॅडम, तुम्ही आमच्या आजोबांना ऊन लागू दिलं नाही, वारा लागू दिला नाही. तुमचे उपकार. आमचं मागणं लहान आहे. आमचं देवक, आमची जमीन आणि आमची माणसं एका ठिकाणी असावीत. एवढंच.”

कोणत्या ठिकाणी, ते मामांनी सांगितले नाही. त्यांच्या घराण्यात सात पिढ्या कुणालाच ते सांगावे लागले नव्हते. पाण्याने उताराकडे वाहावे असे का कुणी सांगतो?

सालोते मॅडमनी त्या हातांकडे पाहिले. त्यांच्या आईने त्यांना असेच वाढवले होते. त्यांनी दात घेतला. सगळ्यांनी खोल आवाजात टाळ्या वाजवल्या. दाराशी उभ्या असलेल्या वाइसाकेने अकरा वर्षांत पहिल्यांदा आपल्या उशीचा विचार केला. नवी अभ्र्यासकट न्यावी की जुनीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोंदणी विभागाला तो दात मॅडमच्या टेबलावर आढळला. संरक्षित प्राण्याचा अवयव, त्याच्या नैसर्गिक अधिवासाबाहेर, इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. विभागाने तत्परतेने नोंद केली: ‘देवमासा, एक (अंशतः). खाद्य: लागू नाही.’ देवमाशाची जबाबदारी वाइसाकेकडे आली. दर सोमवारी आजोबांनंतर तो देवमाशाचेही वजन करू लागला. देवमासा चारशे दहा ग्रॅम भरत असे आणि त्याची प्रकृती स्थिर होती.

“मॅडम, मग आम्ही कधी निघायचं?” त्याने विचारले.

“निघायचं?” मॅडम नियमावली वाचत होत्या. “दात घेतला म्हणजे शब्द दिला. तो मी पाळणार. देवक, जमीन आणि माणसं एका ठिकाणी. देवक इथे आहे. आता जमीन आणि माणसं आणू.”

“उलटं, मॅडम. देवक तिकडे न्यायचं.”

“देवक हलवायला अर्ज तेरा लागतो. जमीन हलवायला कोणताच अर्ज लागत नाही. मी नियमावली दोनदा तपासली.”

प्रथम झाडे आली. त्याला शास्त्रीय आधार होता: आजोबांचे वजन घटत होते, सुवाच्या बाजारातली पाने त्यांना रुचत नव्हती. म्हणून वातुलोआवरून चाळीस वाऊ मुळासकट उपटून आणले गेले आणि इमारत ‘ब’मध्ये काचेच्या छपराखाली लावले गेले. दहा दिवसांत त्यांनी माना टाकल्या. मातीचा दोष निघाला. सुवाची माती चिकट, बेटावरची काळी भुसभुशीत. मग सहाशे पोती माती आली. छपरात बसवलेल्या कारंज्यांतून रोज दुपारी तीन वाजता शास्त्रशुद्ध पाऊस पडत असे. त्याच वेळी बाहेर सुवाचा फुकटचा पाऊस काचेवर धोधो कोसळत असे. आतल्या पावसाने माती वाहून जाऊ लागली. माती धरून ठेवायला दगड हवेत. दगड आले. उरलेली झाडेही मग मागवली गेली, कारण दगडांना सावली हवी होती.

बेटावरच्या माणसांनी विरोध केला नाही. त्यांनीच तर मागितले होते. तांबुआ स्वीकारला गेल्यावर मागणाऱ्यालाही माघार घेता येत नाही. इलाइतिया स्वतः पहार घेऊन झाडे खणत होता.

आजोबांचे वजन एकशे एक्क्याऐंशी झाले. परदेशातून एक सल्लागार बाई आल्या. त्यांनी कानाला यंत्र लावून दोन दिवस शांतता मोजली आणि अहवाल दिला: ध्वनिविषयक अधिवास अपूर्ण आहे. वातुलोआवर सकाळी सहाला लाकडी ढोल वाजतो आणि रविवारी चर्चमध्ये गाणी होतात. ढोल आणला. ढोल वाजवणारा आणला. त्याला बायको-मुलांशिवाय वाजवता येईना, ती आणली. गाणारी एकतीस माणसे आणली. ती म्हणाली, गाण्यानंतर यांगोना लागतो आणि यांगोनानंतर जेवण. स्वयंपाक करणाऱ्या आणल्या. त्यांची मुले, मुलांचा मास्तर, मास्तरची कोंबडी. चौदा महिन्यांत वातुलोआ बेटाची वस्ती शंभर टक्के इमारत ‘ब’च्या मागच्या चाळीत आली. केंद्राच्या कागदोपत्री त्यांना ‘सहवासी घटक’ असे नाव मिळाले. चाळीत वातानुकूलन होते, कारण आर्द्रता नियंत्रित ठेवणे बंधनकारक होते.

शेवटचे झाड आणायला गेलेला इलाइतिया परतला, तेव्हा त्याच्या शर्टाच्या आत काहीतरी वळवळत होते.

“मेहुण्या, बघ तर.” त्याने बटणे उघडली. आतून एक कोवळा वोकाई बाहेर आला. पोपटी, निळ्या पट्ट्यांचा, चकचकीत. जणू कुणी नुकताच धुऊन ठेवला होता. “शेंड्यावर बसला होता. खाली अंड्यांची जुनी टरफलंही होती. म्हणजे बेट्यांनो, तुमच्या शिरगणतीतून एखादी म्हातारी निसटली होती आणि गेली बारा वर्षं मजेत संसार करत होती!”

वाइसाके तो हिरवा रंग पाहत उभा राहिला. नोंदवहीत असा रंग लिहायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

सालोते मॅडमनी डोक्याला हात लावला. “एकोणीस आपल्याकडे. निसर्गात शून्य. मग हा विसावा आला कुठून?”

“बेटावरून,” इलाइतिया म्हणाला.

“बेटावर वोकाई नाहीत. राजपत्रात तसं छापलंय.”

“यानं राजपत्र वाचलेलं दिसत नाही, मॅडम.”

“म्हणजे हा इथूनच पळालेला असणार,” मॅडम म्हणाल्या, आणि वाइसाकेला खुलासा मागणारी नोटीस निघाली: केंद्राच्या ताब्यातील एक सरडा निष्काळजीपणामुळे निसटून चौदा तासांचा समुद्र पार करून गेला व तेथे सुदृढ झाला, याबाबत आपले म्हणणे काय? वाइसाकेने जोडपत्र ‘ड’ तीन प्रतींत भरले. कोवळ्या वोकाईला ‘व-२०’ हा क्रमांक मिळाला. सतराव्या दिवशी त्याचा रंग करडा झाला. शेरा: समाधानकारक.

आता सर्व तयारी झाली होती. देवक, जमीन, माणसे. सगळे एका ठिकाणी. केंद्राने वर कळवले आणि वरून राजपत्र निघाले: वोकाईस आवश्यक असलेली झाडे, माती, दगड, ध्वनी आणि सहवासी घटक ज्याअर्थी इमारत ‘ब’मध्ये उपलब्ध आहेत, त्याअर्थी इमारत ‘ब’ हाच वोकाईचा नैसर्गिक अधिवास होय. प्रजाती निसर्गात सुस्थितीत आहे. त्याच आठवड्यात काचेखाली, तीन वाजताचा पाऊस आटोपल्यावर, नव्या प्रमुखाला गादीवर बसवण्यात आले. सेरुपेपेली मामांनी भाषण केले. ढोल वाजला. केंद्र पाहायला आलेल्या प्रेक्षकांनी पलीकडून काचेवर टिचक्या मारल्या.

वाइसाके मागच्या रांगेत बसला होता. सकाळी आजोबांचे वजन एकशे एकाहत्तर भरले होते.

“आता कशाला तोंड पाडून बसलायस?” इलाइतियाने त्याला कोपर मारले. “जमीन इथे, देवक इथे, आपण इथे. तूही घरी आलास की रे!”

“माझं घर?”

“आणलंय ना! खांब त्या कोपऱ्यात आहेत. दार स्टोअरमध्ये आहे, क्रमांक घालून.”

“आजोबा मरायला टेकलेत, मेहुण्या.”

“मग काय झालं? आता ही परकी माती थोडीच आहे? सहाशे पोती आपलीच. मी मोजलीत.”

वाइसाके आजोबांच्या फांदीपाशी गेला. आजोबांनी एक डोळा उघडला, काळ्या मातीकडे पाहिले, आणि मिटला. वाइसाकेने तळहातावर ती माती घेऊन वास घेतला. तिला कारंज्याच्या क्लोरीनचा वास येत होता. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असते असे लोक म्हणतात, ते त्याला पटत होते. पण इथे सरडा जागच्या जागी होता आणि कुंपणच धावत येऊन त्याच्याभोवती उभे राहिले होते. त्या रात्री त्याने राजपत्र तीनदा वाचले. चौथीपर्यंतचे शिक्षण त्याला पुरले.

सकाळी तो मॅडमच्या खोलीत गेला आणि न सांगता खुर्चीत बसला. असे त्याने पूर्वी कधी केले नव्हते.

“मॅडम, आपल्या केंद्राचं काम काय?”

“लुप्तप्राय प्राणी नैसर्गिक अधिवासाबाहेर सांभाळणं. बारा वर्षं इथे असून हे विचारतोस?”

“आणि इमारत ‘ब’ म्हणजे काय?”

“वोकाईचा नैसर्गिक अधि—” मॅडम थांबल्या.

“म्हणजे आपण त्यांना अधिवासाच्या आतच सांभाळतोय. बाहेर एकही नाही. मग हे परस्थान केंद्र कसलं? कुणाच्या लक्षात आलं तर बंद करतील.”

मॅडमचा चेहरा आजोबांच्या रंगाचा झाला. “मग रे?”

“ते कुठेतरी बाहेर ठेवायला हवेत. इथून लांब. जिथे झाड नाही, माणूस नाही, ढोल नाही. वोकाईचा जिथे काहीही संबंध नाही अशी जागा पाहिजे.” वाइसाकेने घसा साफ केला. “अशी एक जागा मला माहीत आहे. बोटीनं चौदा तास लागतात.”

निसर्गातून परस्थानी पाठवण्यासाठी अर्ज तेरा लागत नव्हता. अर्ज एक लागत होता. तो अर्ध्या पानाचा होता आणि त्यात कसलाच पुरावा मागितला नव्हता. प्रजाती वाचवण्याच्या कामात उशीर होऊ नये म्हणून तो मुद्दाम सोपा केलेला होता. मॅडमनी दहा मिनिटांत सही केली.

“कालावधी काय लिहू?”

“सहा महिने,” वाइसाके म्हणाला.

मॅडमनी त्याच्याकडे पाहिले. त्या काही मूर्ख नव्हत्या. “आणि बरोबर कोण जाणार?”

“थोरला माणूस परगावी एकटा जात नाही, मॅडम.”

वीस टोपल्या, दोन लुंग्या आणि जुनी उशी घेऊन तो निघाला. देवमासा मात्र प्रवासाला अयोग्य ठरला. बारा वर्षांतल्या साऱ्या नोंदींत एक ग्रॅमही न घटलेला तो एकमेव प्राणी, म्हणून त्याला दर्शनी भागात काचेत टांगले गेले. खाली ‘यशोगाथा’ अशी पाटी आहे.

वातुलोआ खड्ड्यांनी भरलेले होते. पण वाऊ हे चिवट झाड. पहारीतून सुटलेल्या प्रत्येक मुळीला, तुटून पडलेल्या प्रत्येक फांदीला गुडघाभर धुमारे आले होते. वाइसाकेने पहिली टोपली उघडली. आजोबा बाहेर आले, एका उन्हातल्या दगडावर पसरले. तो दगड फारच मोठा म्हणून नेता आला नव्हता. जीभ बाहेर काढून त्यांनी हवा चाखली. घड्याळाप्रमाणे चाळीस मिनिटे काही झाले नाही. मग मानेपासून सुरुवात होऊन, पाठीवरून शेपटीकडे, हळूहळू, ते हिरवे होत गेले. वाइसाके त्यांच्याकडे तोंड करून बसला होता. नोंदवही शेजारी होती, पण बराच वेळ त्याला रकाना दिसेना.

अर्जातल्या अटीप्रमाणे परस्थानी नैसर्गिक अधिवासाची हुबेहूब प्रतिकृती उभारायची होती. म्हणून केंद्राने मागाहून काचा, कारंजे आणि वातानुकूलन यंत्र पाठवले. बेटावर वीज नव्हती. काचा वाइसाकेने नव्या घराच्या खिडक्यांना लावल्या. यंत्रावर तो मासे वाळत घालतो.

सहा महिने झाले तेव्हा मॅडमचे पत्र आले: मुदत संपली, वोकाई इमारत ‘ब’मध्ये परत आणावेत. वाइसाकेने उत्तर लिहिले: हे निसर्गात परत सोडण्याचे प्रकरण असल्याने अर्ज तेरा लागू होतो, इमारत ‘ब’मध्ये वोकाई सुखाने राहत असल्याचा पुरावा कृपया पाठवावा. पुरावा अजून आलेला नाही. आजोबांचे वजन दोनशे सहा आहे.

सगळे जमले. फक्त माणसे राहिली. वाइसाकेने चाळीत फोन केला.

“काय मेहुण्या, कधी येताय? वाऊ डोक्याच्या वर गेलाय. ढोलाची जागा झाडून ठेवलीय. देवक तर इथे आलंय, तुमचा प्रमुख आता कशावर बसलाय?”

“त्याला बसवताना एवढा खर्च झालाय, आता उठवणार कोण?” इलाइतिया मोठ्याने हसला. “येणार रे, येणार. आपली माती ती आपली माती. पुढच्या वर्षी नक्की. मुलांची परीक्षा तेवढी होऊ दे.”

“हे तू मागच्या वर्षीही म्हणालास.”

“मग? मी काय शब्द फिरवला? अजूनही तेच म्हणतोय. बरं ऐक, येणाऱ्या बोटीनं थोडे दालोचे कंद आणि सुके मासे पाठव. इथल्या दालोला चवच नाही. आणि त्या तुझ्या दारातल्या वाऊचा फोटो धाड. टीव्हीच्या वर लावतो. मुलांना कळायला हवं ना, आपण कुठले ते.”

फोनच्या मागे सहाचा ढोल ऐकू येत होता. वाजवणारा उशिरा उठतो, म्हणून हल्ली तो मोबाइलवरून लावतात.

या सगळ्यामुळे वाइसाकेचे नाव क्षेत्रातला जाणकार म्हणून झाले आणि केंद्राने त्याला एका पुस्तिकेसाठी मजकूर मागितला: परस्थानी पूर्ण रुळलेला नमुना कसा ओळखावा? वाइसाकेने फार लिहिले नाही. गावाकडचे खाणे बोटीने मागवतो. आपल्या झाडाचा फोटो भिंतीवर लावतो. गावचा आवाज यंत्रातून ऐकतो. परत जायचे का विचारले तर ‘पुढच्या वर्षी’ म्हणतो, आणि ते खोटे बोलत नसतो. अशा नमुन्याच्या पिंजऱ्याला दार बसवण्याचा खर्च करू नये.

पुस्तिका फार उपयुक्त ठरली. आता ती सगळ्या भाषांत निघाली आहे आणि मराठी प्रत आपल्या हातात आहे. वाचून झाल्यावर वाचकाने शेवटच्या पानावर फक्त आपले वजन आणि रंग लिहायचा आहे. शेऱ्याच्या रकान्यात काही लिहावे लागणार नाही. तिथे ‘समाधानकारक’ आधीच छापलेले आहे.